पोळ्यांच्या वेळी मुलाच्या हातात काय द्यायचं?

लहान मुलं आणि मोबाईल हा विषय निघाला की दोन तट पडायला वेळ लागत नाही. एक तट आईला धारेवर धरतो: पोर रडलं की मोबाईल, जेवायला बसलं की कार्टून, झोपतानाही कार्टून, आणि मग चष्मा लागला की डॉक्टरकडे धाव. दुसरा तट तितक्याच तावातावाने विचारतो, की दिवसभर नोकरी करून, लोकलमध्ये उभं राहून घरी आलेल्या बाईने एका हाताने पोळ्या लाटायच्या आणि दुसऱ्या हाताने पोर धरून ठेवायचं का? दोघांच्याही बोलण्यात तथ्य आहे. पण तासभर भांडूनही एका प्रश्नाला कोणी हात घालत नाही. संध्याकाळी साडेसात वाजता तवा तापलेला असताना, साडेतीन वर्षांच्या मुलाच्या हातात मोबाईल द्यायचा नाही, तर नेमकं द्यायचं काय?

माझं म्हणणं असं आहे, की मोबाईल किती मिनिटं द्यावा हा वाद चुकीच्या टोकाकडून चालला आहे. तीन ते सहा वर्षांच्या मुलाला घरात करमणुकीची वाण नाही, कामाची आहे. ओतणं, मळणं, खुडणं, सोलणं, ओढणं, रचणं, पुसणं, खणणं ही त्या वयाची भूक असते. आपल्या फ्लॅटमधल्या राहणीने ही सगळी कामं एकेक करून त्याच्या हातून काढून घेतली. भाजी निवडून येते, पीठ पिशवीतून येतं, पाण्याला हात लावला तर ओरडा बसतो आणि माती तर इमारतीच्या फाटकाबाहेरच राहते. या रिकाम्या जागेत मोबाईल येऊन बसला. त्याला तिथून उठवायचं तर जागा आधी भरावी लागेल.

बंदीच्या बाजूने बोलणाऱ्यांकडे आकडे आहेत आणि ते खरेही आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली पाच वर्षांखालच्या मुलांसाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. एक वर्षाच्या मुलाला स्क्रीन नकोच, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलाला दिवसात एक तासापेक्षा जास्त नको, कमी असेल तितकं बरं, असं त्यात म्हटलं आहे. भारतातल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही २०२१ मध्ये दोन वर्षांपर्यंत अजिबात नाही आणि दोन ते पाच वर्षांत मोठ्यांच्या देखरेखीखाली जास्तीत जास्त एक तास, अशी मर्यादा घालून दिली. हे आकडे सगळीकडे फिरतात. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या त्याच सूचनांमध्ये आणखी एक आकडा आहे, तो कुणी सांगत नाही: तीन-चार वर्षांच्या मुलाला दिवसभरात किमान १८० मिनिटं हालचाल हवी आणि त्यातली ६० मिनिटं चांगली दमछाक होईल अशी हवीत. एका तासाची मनाई आपण पाठ केली आणि तीन तासांची मागणी विसरलो. ज्या मुलाला ते तीन तास मिळत नाहीत त्याच्या हातून मोबाईल काढून घेतला, तर ते सोफ्यावरून उड्या मारणार, पडद्याला लोंबकळणार, धाकट्या भावंडाला ढकलणार. त्याला आपण दंगेखोर म्हणायचं?

हा प्रश्न मोबाईलने जन्माला घातलेला नाही. रोममधल्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत १९०७ साली हेच चाललं होतं. नव्याने दुरुस्त केलेल्या चाळीवजा इमारतींतले आईबाप कामावर जात आणि शाळेच्या वयाची न झालेली मुलं दिवसभर जिन्यांत, आवारात धुडगूस घालत, भिंती खराब करत. इमारतींच्या व्यवस्थापनाला चिंता होती ती भिंतींची. मुलांना एका खोलीत सांभाळावं म्हणून त्यांनी एका डॉक्टरबाईंना बोलावलं, त्या मारिया माँटेसरी. ६ जानेवारी १९०७ रोजी ती खोली उघडली. तिथे देणगीदाखल आलेली भारी खेळणी होती, पण मुलं ती बाजूला ठेवून झाडायला, पुसायला, ताटं मांडायला धावत, अशी नोंद माँटेसरीबाईंनी करून ठेवली आहे. ज्या मुलांपासून भिंती वाचवायच्या होत्या, ती मुलं खोली पुसायला लागली. मुलं तीच होती. हातात काय आलं, तेवढंच बदललं होतं.

आपल्याकडे ही गोष्ट ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आणखी पुढे नेली. गुजरातेत भावनगरला बालशिक्षणाचे प्रयोग करणाऱ्या गिजुभाई बधेका यांच्याबरोबर काम केलेल्या ताराबाईंनी १९४५ मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं केंद्र सुरू केलं, पुढे ते काम कोसबाडला गेलं. माँटेसरीची लाकडी साधनं महाग होती, आदिवासी पाड्यावर ती कुठून येणार? म्हणून शंख-शिंपले, बिया, पानं, खडे, काड्या हीच साधनं झाली. मूल शाळेत येत नाही तर शाळा अंगणात नेली, त्यातून ‘अंगणवाडी’ हा शब्द आला. जी मुलं गुरांमागे रानात जात, त्यांच्यासाठी कुरणात शाळा नेली. तेव्हाच्या ठाणे (आताच्या पालघर) जिल्ह्याच्या किनाऱ्यावर आणि डोंगरात पाऊणशे वर्षांपूर्वी जे खड्या-शिंपल्यांवर जमलं, ते गॅस, नळ आणि फ्रिज असलेल्या दोन खोल्यांच्या घरात जमत नाही असं आपण का धरून चालतो?

इथे ‘पूर्वी मुलं आपोआप वाढायची’ म्हणणाऱ्यांनाही थोडं थांबवायला हवं, कारण त्यांचं अर्धंच बरोबर आहे. पूर्वी मुलांना काम होतं, हे खरं. चैत्र-वैशाखात गच्चीवर कुरडया-पापड वाळत घातले की काठी घेऊन कावळे हाकायला चार-पाच वर्षांचं पोर बसवलेलं असे. जात्याजवळ, विहिरीजवळ, गोठ्यात त्याला काही ना काही हाताशी मिळे. पण ती मुलं ‘आपोआप’ वाढत नव्हती. वाड्यातल्या दहा मोठ्या माणसांची नजर असे आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे आठ-नऊ वर्षांच्या थोरल्या बहिणीच्या कडेवर धाकटं भावंड असे. त्या मुलीचं बालपण, तिची शाळा यात खर्ची पडली. तो काळ परत आणावा असं मी म्हणणार नाही. त्यातलं काम तेवढं घ्यावं, आणि ताईची जागा घरातल्या बाबांनी घ्यावी.

आता विरोधातला सगळ्यात वजनदार मुद्दा. ‘हे सगळं करायला वेळ कुणाकडे आहे?’ वेळ नाही, हे मान्यच करायला हवं. दिवसाकाठी पाच नवनवीन ‘ॲक्टिव्हिटी’ रचून द्या, रंगीत कागद कापा, घोटीव कागदाची फुलं करा, असा सल्ला देणाऱ्यांनी आईबापांवरचं ओझं वाढवलंच आहे. वीस मिनिटं तयारी करायची आणि मुलाने चार मिनिटांत सोडून द्यायचं, हा अनुभव दोनदा आला की कुणीही मोबाईलच काढेल. पण घरातलं जे काम तसंही चालू आहे त्याचाच एक तुकडा मुलाकडे सरकवायला तयारी लागत नाही. सोलणं, मळणं, पुसणं रोज होतंच. फक्त तो तुकडा मुलाच्या मापाचा हवा, आणि इथेच बहुतेक घरांत चुकतं.

कणीक घ्या. पोळीच्याच कणकेतला लिंबाएवढा गोळा, भातुकलीतलं छोटं पोळपाट-लाटणं आणि वाटीत एक चमचा कोरडं पीठ. वाटीत मूठभर पीठ दिलं की ते सगळं हवेत जाणार, म्हणून एकच चमचा. कणीक सैल असेल तर बोटांना चिकटते आणि मूल वैतागून हात झटकतं. फार घट्ट असेल तर त्या बोटांना ती दाबता येत नाही. कानाच्या पाळीइतकी मऊ असावी. हे सगळं काठाच्या मोठ्या ताटात ठेवायचं आणि नियम एकच सांगायचा: ‘कणीक ताटात राहते.’ बसायची जागा ओट्यापासून चार-पाच फुटांवर, पण समोर. पाठीमागे मुळीच नको, कारण तवा हातात घेऊन मागे वळताना पायात मूल येणं हा स्वयंपाकघरातला खरा धोका. दुसऱ्या खोलीत बसवलं तरी ते दोन मिनिटांत उठून येतं, कारण त्याला कणकेइतकीच आईची किंवा बाबाची नजर हवी असते. कच्ची कणीक खायची नाही, एवढं बजावावं. त्याची वेडीवाकडी पोळी शेवटी तव्यावर टाकून त्यालाच वाढावी. ती पोळी मूल खातं, भाजीला नाक मुरडणारंही खातं.

मेथी आणली असेल तर जुडीचा चौथा हिस्सा त्याचा. पानं खुडून पातेल्यात, काड्या पेपरवर. चार वर्षांचं मूल दहा-पंधरा मिनिटं यात रमतं. काड्या राहतात, त्या आपण दोन मिनिटांत काढायच्या, पण त्याच्या डोळ्यांसमोर नाही. लसूण सोलायला देताना पाकळ्या आधी दहा मिनिटं कोमट पाण्यात टाकाव्यात, नाहीतर साल निघत नाही आणि खेळ तिथेच संपतो. राजमा आणि छोले एकत्र करून वेगळे करायला देणं हा खेळ सगळीकडे सुचवला जातो, पण तीन वर्षांखाली तो देऊच नये आणि त्यापुढेही समोर बसूनच द्यावा. कोरडा दाणा नाकात गेला तर ओलाव्याने फुगतो, घरी चिमटा घालून काढायला गेलं तर आणखी आत सरकतो, आणि मग कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडेच जावं लागतं. शेंगदाणे, फुटाणे घशात अडकायची भीती तर आणखी मोठी. लहानग्यांना बटाटे-कांदे वेगळे करायला द्या, चमचे आणि वाट्या लावायला द्या. मजा तीच.

पाण्याला लोक सर्वांत जास्त घाबरतात आणि पाण्यानेच मूल सर्वांत जास्त वेळ शांत बसतं. बादली द्यायची नाही. एक लिटर पाणी, तांब्या, दोन फुलपात्रं आणि भांडी घासायचा नवा स्पंज, एवढंच बाथरूममध्ये किंवा बाल्कनीत. स्पंज एका भांड्यात बुडवायचा, दुसऱ्यात पिळायचा. भांडी स्टीलची असावीत, प्लॅस्टिकचा हलका पेला सारखा कलंडतो. सुती फडकं आधीच शेजारी ठेवावं आणि सांडलं की पुसणं हा खेळाचाच भाग आहे असं पहिल्याच दिवशी दाखवावं. सांडल्यावर ओरडून मग फडकं दिलं तर पुसणं ही शिक्षा होते. एक गोष्ट मात्र कधीही विसरू नये: लहान मूल अगदी चार बोटं पाण्यातही बुडू शकतं. पाण्याचा खेळ मोठ्या माणसाच्या नजरेसमोर, आणि खेळ संपला की भांडी पालथी.

यातलं काहीच चालत नाही असंही अनेक जण प्रामाणिकपणे सांगतात. मूल तीन मिनिटांत उठतं. बहुतेक वेळा कारण क्रमात असतं. दिवसभर कोंडलेल्या मुलाला एकदम बसायचं काम दिलं की ते बसणार कसं? आधी अंगातली रग जिरायला हवी, मग हात चालतात. स्वयंपाकाआधी पंधरा-वीस मिनिटं जड काम द्यावं. कपड्यांच्या प्लॅस्टिकच्या टोपलीत दोन किलो तांदूळ आणि चार पुस्तकं घालून ती पॅसेजच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ढकलत न्यायची, दहा फेऱ्या. उशा एका खोलीतून दुसरीत वाहायच्या. सतरंजीवर धाकट्याला बसवून ओढायचं. फरशीवर कागदी टेपने लंगडीची घरं आखायची. टेप आठवडाभरात काढावी, नाहीतर डिंक फरशीला धरून बसतो, मग खोबरेल तेल लावून घासावं लागतं. पाय अनवाणी हवेत, गुळगुळीत टाइलवर मोजे घालून पळणारं मूल हमखास हनुवटीवर आपटतं. खालच्या मजल्यावरच्या काकूंची तक्रार रास्त असते, ती उड्यांबद्दल असते. ढकलण्या-ओढण्याचा आवाज फारसा होत नाही आणि दम मात्र उड्यांहून जास्त लागतो. एवढ्यानंतर तेच मूल कणकेपुढे बसवून पाहा.

दुसरं कारण पसाऱ्याचं. खेळणी कमी असतात म्हणून मूल कंटाळतं असं आपल्याला वाटतं, आणि वाढदिवसाला आणखी एक गाडी येते. अमेरिकेतल्या टोलेडो विद्यापीठात ३६ लहान मुलांवर केलेला एक अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात समोर सोळा खेळणी असताना मुलं एकावरून दुसऱ्यावर उडत राहिली, चारच खेळणी असताना एकेकाशी जास्त वेळ आणि जास्त तऱ्हांनी खेळली. ती दीड ते अडीच वर्षांची मुलं होती, तेव्हा पाच वर्षांच्या मुलाला हे जसंच्या तसं लावू नये. तरी घरात करून पाहण्यासारखं आहे. आठ-दहा वस्तू हाताशी, बाकी माळ्यावर, पंधरा दिवसांनी अदलाबदल. माळ्यावरून उतरलेली जुनी गाडी मुलाला नव्यासारखीच वाटते. बटण-सेलवर चालणारी खेळणी मात्र उतरवतानाच तपासावीत. झाकणाचा स्क्रू निघालेला असेल तर ते खेळणं बाद, कारण गिळलेला बटण-सेल दोन तासांत अन्ननलिका भाजू शकतो.

‘मुलांना कंटाळू द्या, कंटाळ्यातूनच कल्पना सुचते’ हा आणखी एक लोकप्रिय विचार. मला तो अर्धवट वाटतो. अंगणात, गोठ्यात, ओढ्याकाठी कंटाळलेल्या मुलाच्या हाताशी काठी, दगड, माती असते, म्हणून त्याला काहीतरी सुचतं. बंद फ्लॅटमध्ये सगळं कुलपात ठेवून कंटाळायला सोडलेल्या तीन वर्षांच्या मुलाला नळ उघडणं सुचतं. ते सुचणंही हुशारीचंच, पण त्यावर त्याला मार बसतो. कंटाळा फळाला यायचा तर खालचा एक कप्पा मुलाचा हवा, कुलूप नसलेला: डबे, झाकणं, जुन्या ओढण्या, दोरीचा तुकडा, खडू, पाटी.

काही मुलांची अस्वस्थता या सगळ्याच्या पलीकडची असते, हेही मान्य करायला हवं. घरी, शाळेत, आजीकडे सगळीकडे सारखीच धावपळ, झोप तुटक, धोक्याची जाणीवच नाही, बोलणं मागे पडलेलं, असं महिनोन्‌महिने दिसत असेल तर बालरोगतज्ज्ञांना दाखवावं. कणकेचा गोळा हा त्यावरचा इलाज नव्हे आणि त्या आईबापांना सल्ल्यांनी आणखी दमवू नये. परदेशातल्या आजोबांशी व्हिडिओ कॉलवर गप्पा मारणं आणि एकामागून एक आपोआप सुरू होणाऱ्या चित्रफिती पाहणं, यांनाही एकाच मापात मोजू नये. चित्रफीत मध्येच हिसकावून घेतली की आकांत होतो, त्यात मुलाचा दोष किती? गोष्ट संपू द्यावी, पुढची आपोआप लागणार नाही अशी सोय करावी, आणि बंद करण्याआधीच दुसरं काम समोर मांडून ठेवावं. रिकाम्या हाताने मोबाईल सोडायला सांगितलं तर मोठी माणसंही सोडत नाहीत.

इमारतीच्या आवाराबद्दलही थोडं बोलायला हवं, कारण घराच्या चार भिंतींवर सगळा भार टाकणं अन्यायाचं आहे. ‘खेळण्यास सक्त मनाई’ ही पाटी लावताना गाड्यांच्या काचांचा विचार होतो, तो गैर नाही. पण रविवारी सकाळी दोन तास चार गाड्या हलवणं आणि एका कोपऱ्यात सहा बाय सहा फुटांची माती ठेवणं कुठल्या सोसायटीला परवडत नाही?

माती म्हटलं की महाराष्ट्रात दिवाळीचा किल्ला आलाच. घरातल्या कामांना बैठ्या-शांत मुलांचा खेळ म्हणून हिणवणाऱ्यांनी किल्ला करणारी मुलं पाहावीत. विटा वाहायच्या, माती चाळायची, चिखल तुडवायचा, गोणपाट बुडवायचं: सगळं जड काम, आणि चार-चार दिवस. अलीकडे प्लॅस्टरचा तयार किल्ला विकत आणला जातो, तो दिसतो देखणा, पण मुलाला उरतं ते फक्त मावळे मांडणं. किल्ल्याला दिवाळीच कशाला हवी? एखाद्या पावसाळी शनिवारी बाल्कनीत, जुन्या परातीत किंवा प्लॅस्टिकच्या पसरट टबात तो होतो. मधोमध विटांचे तीन-चार तुकडे किंवा उलटी कुंडी. त्यावर गोणपाटाचा तुकडा, पातळ चिखलात बुडवून, पिळून, सुरकुत्यांसकट टाकायचा, त्या सुरकुत्यांच्याच दऱ्या होतात. वरून लिंपायला लाल माती, तिच्यात चौथा हिस्सा वाळू किंवा भुसा. नुसत्या चिकणमातीने लिंपलं तर दुसऱ्या दिवशी उन्हात भेगा पडतात. तीन वर्षांचं मूल थापायचं काम करतं, पाच वर्षांचं काडीने पायऱ्या कोरतं, बाबांनी फक्त विटा हलणार नाहीत एवढं पाहायचं. बुरूज वाकडा झाला तर वाकडा राहू द्यावा. शेवटी ओल्या मातीवर दोन चमचे हळीव भुरभुरवायचे. पाणी तांब्याने ओतलं तर बिया वाहून पायथ्याशी गोळा होतात, साचलं तर कुजतात, म्हणून ओल्या हाताची बोटं झटकून शिंपायचं, सकाळ-संध्याकाळ, आणि हे शिंपणं मुलाचंच. तिसऱ्या-चौथ्या दिवशी हिरवं वर येतं. त्या दिवशी सकाळी उठल्याबरोबर मूल आधी बाल्कनीत जातं.